साडेचार मिलिमीटरचा जोर: चढावर उकळणाऱ्या ऑस्टिन सेव्हन रूबीचे प्रकरण

गाडी ऑस्टिन सेव्हन रूबी, १९३५ ची, चार आसनी बंद गाडी. इंजिन ७४७ सीसी, साइड व्हॉल्व्ह (म्हणजे व्हॉल्व्ह हेडमध्ये नव्हे, सिलिंडरच्या बाजूला ब्लॉकमध्ये), दोन मेन बेअरिंगचे. मुक्काम इंग्लंडमध्ये वूस्टरशरच्या उत्तर टोकाला, म्हणजे ज्या लाँगब्रिजच्या कारखान्यात ती बनली तिथून हाकेच्या अंतरावर. तक्रार अशी की सपाट रस्त्यावर गाडी दिवसभर चालते, पण लिकी टेकड्यांचा चढ लागला की पाऊण वाटेवर पाणी उकळते, झाकणातून वाफ येते आणि थांबून पुन्हा निघावे तर इंजिन आचके देत बंद पडते.

मालकाने दोन उन्हाळे उपाय करून पाहिले होते. पावसाळी थेंबासारखी गळती दिसली म्हणून रेडिएटरमध्ये गळती बंद करणारी पूड टाकली. अँटीफ्रीझ अर्धे आणि पाणी अर्धे असे मिश्रण भरले. रेडिएटरच्या पुढे सहा व्होल्टचा एक विजेचा पंखा बसवला. वरचा होज जुना झाला होता, तो काढून कुठल्याही गाडीला बसणारा नालीदार, हवा तसा वाकणारा होज लावला. आता इलेक्ट्रिक वॉटर पंप आणि दाबाचे झाकण बसवायचा विचार चालला होता. यातला प्रत्येक उपाय एखाद्या आधुनिक गाडीत चालून गेला असता. या गाडीत प्रत्येकाने दुखणे थोडे थोडे वाढवले. ते का, हे कळायला इंजिन थंड कसे होते तिथूनच सुरुवात करावी लागते.

पंप नसलेले इंजिन

सेव्हनचा आराखडा हर्बर्ट ऑस्टिन यांनी स्टॅनली एज या अठरा वर्षांच्या ड्राफ्ट्समनला हाताशी धरून लिकी ग्रेंज या आपल्या घरी काढला. गाडी १९२२ मध्ये बाजारात आली. गिऱ्हाईक ठरलेले होते: साइडकारच्या मोटरसायकलवर बायको-मुलांना कोंबून नेणारे कुटुंब. त्या काळी ब्रिटनमध्ये मोटारीवरचा कर आरएसीच्या (रॉयल ऑटोमोबाईल क्लबच्या) सूत्राने ठरलेल्या अश्वशक्तीवर असे. सिलिंडरच्या व्यासाचा इंचांतला वर्ग गुणिले सिलिंडरची संख्या, भागिले अडीच. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, किती लांब आहे याच्याशी करवाल्यांना काही देणेघेणे नव्हते. म्हणून बोअर (सिलिंडरचा व्यास) २.२ इंच आणि स्ट्रोक ३ इंच. हिशेब पावणेआठच्या आसपास येतो, म्हणजे कराला आठ. अश्वशक्तीमागे एक पौंड असलेला दर १९३५ च्या सुरुवातीला १५ शिलिंगांवर (पौंडाचे शिलिंग वीस) आला आणि रूबीच्या मालकाला वर्षाला ६ पौंड भरावे लागले. रूबी त्याच सुमाराची, १९३४ च्या उन्हाळ्यातली. तिच्या उघड्या बहिणींना पर्ल आणि ओपल अशी नावे दिली होती. सगळा सराफ बाजार.

इतक्या स्वस्त आणि हलक्या गाडीत जो भाग टाळता येईल तो टाळला होता. वॉटर पंप नाही, थर्मोस्टॅट नाही. पाणी थर्मोसायफनवर फिरते: ब्लॉकमध्ये तापलेले पाणी हलके होऊन हेडमधून वर चढते, वरच्या होजने रेडिएटरच्या वरच्या टाकीत जाते, कोअरमधून (रेडिएटरच्या जाळीदार गाभ्यातून) उतरताना निवते, जड होते आणि खालच्या होजने ब्लॉकच्या बाजूला असलेल्या एल्बोतून (वाकलेल्या नळीतून) परत आत येते.

हे ढकलणारा जोर किती? ९० अंशाचे पाणी घनमीटरला सुमारे ९६५ किलो भरते, ६० अंशाचे ९८३. फरक पावणेदोन टक्क्यांच्या आसपास. गरम आणि थंड स्तंभांची कामाची उंची २५ सेंटिमीटर धरली तर दोन्हींतला फरक जेमतेम साडेचार मिलिमीटर पाण्याएवढा. बोटाच्या नखाच्या निम्म्या उंचीचा दाब, आणि त्यावर अख्ख्या इंजिनाची उष्णता वाहून न्यायची. पंपाच्या इंजिनात होजचे अस्तर थोडे सुटले तर कळतही नाही. इथे मात्र कळते.

मोजल्याशिवाय हात लावायचा नाही

रूबीला पाण्याच्या तापमानाचा काटा नसतो. गाडी खरोखर उकळते की नुसते पाणी फेकते, हा पहिला प्रश्न. थंड इंजिनात गळ्यापर्यंत पाणी भरले तर ते तापून फुगते आणि ओव्हरफ्लो नळीतून बाहेर पडतेच. १५ ते ८५ अंशांत पाणी तीन टक्के फुगते, म्हणजे पाच लिटरमागे दीडशे मिलिलिटर. दररोज सकाळी वरपर्यंत भरणारा मालक दररोज दीडशे मिलिलिटर रस्त्यावर सांडतो आणि गाडी तापते म्हणून घाबरतो. या गाडीत तसे नव्हते. पातळी दोन बोटे खाली ठेवूनही चढावर उकळी येत होती.

दोन थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) घेतले, एक वरच्या टाकीवर आणि एक खालच्या टाकीवर. घासून स्वच्छ केलेल्या जागी घट्ट बांधून वरून फोमचा तुकडा लावला, म्हणजे वाऱ्याने आकडा खोटा पडत नाही. लांबून दाखवायचे इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत पितळेवर भलतेच कमी तापमान दाखवते. काळ्या रंगावर ठीक चालते. अँटीफ्रीझचे मिश्रण काढून टाकले आणि सगळ्या चाचण्या साध्या पाण्यावर केल्या. नाहीतर एका चाचणीची दुसरीशी तुलनाच होत नाही. रस्ता तोच, दुसरा गियर, वेग ताशी १५ मैलांच्या आसपास, हवा १८ अंश.

गाडी आली तशी: वर ९७, खाली ३९. उकळी पाऊण चढावर.

या दोन आकड्यांतच अर्धे निदान आहे. वर आणि खाली दोन्हीकडे तापमान चढे असेल, समजा ९७ आणि ८५, तर पाणी फिरते आहे पण रेडिएटरला उष्णता टाकता येत नाही. मग हवेच्या वाटेकडे बघायचे, पंखा, बुजलेल्या जाळ्या, किंवा इंजिनच गरजेपेक्षा जास्त उष्णता देते आहे का. वर उकळते आणि खाली हाताला कोमट लागते, तर रेडिएटर आपले काम चोख करतो आहे, त्याच्याकडे पाणीच कमी येते आहे. ५८ अंशांचा फरक म्हणजे पाणी सरपटत होते. तिकडे थर्मोसायफन आपल्या परीने जोर लावतच होता: ९७ आणि ३९ अंशांच्या पाण्यातला फरक काढला तर दाब साडेचारऐवजी आठ मिलिमीटरवर पोचला होता. एवढा जोर लावूनही पाणी जात नसेल तर वाट कुठेतरी अडलेली आहे.

फुकटच्या गोष्टी आधी

हेड उतरवण्याआधी ज्याला पैसा लागत नाही ते सगळे बघून घेतले. रेडिएटरच्या जाळीत मेलेले किडे आणि गवताचे बी अडकले होते. इंजिनाच्या बाजूने पुढे, हलक्या हवेने झाडले. पुढचा विजेचा पंखा काढला. त्याच्या मोटरचा गोल डबा नेमका कोअरच्या मध्यावर बसून हवा अडवत होता, शिवाय सहा व्होल्टच्या डायनॅमोवर ओझे. गाडीचा मूळ पंखा पट्ट्यावर चालतो, त्याचा पट्टा तेलकट आणि सैल होता. सपाटीवर ताशी ३० मैलांनी जाताना वाराच पुरेसा असतो, तिथे पंखा घसरला तरी बिघडत नाही. चढावर दुसऱ्या गियरमध्ये इंजिन जोरात फिरते, गाडी हळू चालते आणि वारा नसतो. पंख्याची गरज नेमकी तिथेच. पट्टा बदलला, ताण बेताचा ठेवला. चारही चाके जॅकवर उचलून हाताने फिरवली. मागचे डावे चाक ब्रेकला घासत होते, ते सैल केले. घासणारा ब्रेक म्हणजे चढात आणखी एक चढ.

मग इग्निशन. उशिरा पडणारी ठिणगी गाडी तापण्याचे कारण असते हे बहुतेकांना माहीत असते, पण साइड व्हॉल्व्ह इंजिनात ते जास्त भोवते आणि त्याचे कारण रचनेत आहे. ठिणगी उशिरा पडली की ज्वलन लांबते, पेटता वायू एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून बाहेर पडतो. ओव्हरहेड व्हॉल्व्ह इंजिनात तो हेडमधून लगेच सुटतो. इथे एक्झॉस्टची वाट ब्लॉकमधूनच, पाण्याच्या जॅकेटच्या, म्हणजे सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीच्या, पोटातून जाते. चाकाला न मिळालेली उष्णता थेट पाण्यात.

तपासणीची रीत सोपी. डिस्ट्रिब्युटरमधल्या, उघडताना ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटमधले अंतर आधी ०.०१२ इंच, म्हणजे ०.३ मिमी करून घ्यायचे, कारण अंतर बदलले की टायमिंगही बदलते. सहा व्होल्टचा छोटा दिवा डिस्ट्रिब्युटरच्या टर्मिनलपासून बॉडीपर्यंत जोडायचा, किल्ली चालू करायची, प्लग काढून इंजिन हँडलने हळूहळू फिरवायचे. पॉइंट उघडताक्षणी दिवा लागतो. ॲडव्हान्स (ठिणगी लवकर पाडण्याची सोय) पूर्ण मागे असताना हा क्षण पिस्टन वर पोचण्याच्या क्षणाशी जुळायला हवा. फ्लायव्हीलवर पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरची खूण असते. या गाडीत दिवा खूण ओलांडून गेल्यावर लागत होता. क्लॅम्प सैल करून दुरुस्त केले आणि ज्वलनाचा क्रम १-३-४-२ प्रमाणे तारा आहेत ना ते पाहून घेतले.

मिश्रण पातळ असले तरी इंजिन तापते. प्लगची टोके पांढरी फटक नव्हती, विटकरी होती. कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्डच्या जोडांवर इंजिन चालू असताना ब्रशने इंजिन तेल लावून पाहिले; तेल आत ओढले जात नव्हते, आवाजही बदलला नाही. इथे पेट्रोल किंवा स्प्रे मारून बघणारे असतात. तापलेल्या एक्झॉस्टच्या शेजारी ते करू नये.

दुसरी चाचणी: वर ९६, खाली ४०. उकळी आता माथ्याच्या जवळ. सुधारणा आहे, पण वर-खालचा फरक जवळजवळ तेवढाच. वाट अजून अडलेलीच.

गॅस्केट गेलंय का?

गॅस्केट म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्यामधले पातळ पॅकिंग. हेड उतरवण्याआधी याचे उत्तर हवे, कारण हेड उतरवल्यावर पुरावा नाहीसा होतो. थंड इंजिन, पंख्याचा पट्टा काढलेला, रेडिएटर काठोकाठ भरलेला, झाकण उघडे. इंजिन सुरू करायचे आणि पाणी तापण्याच्या आत, पहिल्या मिनिटात, बुडबुडे येतात का ते पाहायचे. नंतर येणारे बुडबुडे वाफेचेही असू शकतात, त्यांच्यावर विश्वास नाही. खात्रीसाठी रसायनाची चाचणीही केली: रेडिएटरच्या तोंडाशी येणारी हवा निळ्या द्रावातून ओढायची, ज्वलनाचा वायू असेल तर द्राव पिवळा पडतो. निळाच राहिला. चार सिलिंडरचे कॉम्प्रेशन एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत होते. या इंजिनाचे कॉम्प्रेशन मुळातच कमी, त्यामुळे आकडा किती यापेक्षा चारही सारखे आहेत का एवढेच बघायचे. शेजारशेजारची दोन पडलेली असती तर मधले गॅस्केट गेले असे म्हणता आले असते.

होज: बाहेरून निरोगी

खालचा होज बाहेरून मऊ, न चिरलेला, बघणाऱ्याने बाजूला ठेवला असता. कापून उघडला तर आतले रबराचे अस्तर सुटून एका बाजूने झडपेसारखे लोंबत होते. इंजिन बंद असताना पाणी जाते, आतून ओढ आली की अस्तर वाट झाकते. जुने होज दाबून नव्हे, कापून तपासावेत. तसेही ते परत लावायचे नसतात.

वरच्या नालीदार होजचा दोष वेगळा. त्याच्या प्रत्येक कडीपाशी पाण्याला घर्षण, हे एक. त्याहून वाईट म्हणजे तो मध्ये झोल खाऊन पुन्हा वर चढत होता. वरची वाट इंजिनापासून रेडिएटरपर्यंत सतत चढती असावी लागते. मध्ये कुठे उंचवटा राहिला की तिथे हवा आणि वाफ साठते, आणि साडेचार मिलिमीटरचा जोर त्या बुडबुड्याला ढकलू शकत नाही. साधा सरळ होज मापाने कापून बसवला, दोन्हीकडे क्लिप पुरेशा आवळल्या, पण रबर चिरेल इतक्या नाही.

तिसरी चाचणी: वर ९३, खाली ४७. उकळी नाही. बहुतेक लोक इथे थांबतात, आणि पुढच्या जुलैत गाडी पुन्हा दारात येते. वर-खालचा फरक अजून ४६ अंश होता.

ब्लॉकमधला गाळ

थंड पाणी ब्लॉकच्या बाजूने आत येते आणि हेडच्या पुढच्या भागातून बाहेर पडते. पाणी जवळचा रस्ता धरते. मागच्या टोकाला, चौथ्या सिलिंडरच्या भोवती, त्याची हालचाल सर्वांत मंद, आणि गंज, वाळू, चुना सगळे तिथेच बसते. हे ब्लॉक जवळजवळ नव्वद वर्षे गंजत आलेले. रेडिएटर कितीही धुतला तरी हा गाळ हलत नाही.

हेडचे नट टप्प्याटप्प्याने सैल केले. हेड चिकटून बसले होते. फटीत स्क्रूड्रायव्हर घालून उचकायचा मोह आवरायचा, कारण चरा पडला की गॅस्केट पुन्हा कधीच नीट बसत नाही. नट काही फेरे ढिले ठेवून, प्लग जागेवर ठेवून हँडल फिरवले. सिलिंडरमधल्या दाबानेच हेड सुटले. जुन्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असते असे धरूनच चालायचे: ओले करून काढायचे, वायरब्रशने कोरडे खरवडायचे नाही.

बाजूच्या ॲल्युमिनियम एल्बोचे स्टड ही या कामातली खरी जोखीम. गंजून ॲल्युमिनियमशी एकजीव झालेले असतात आणि तुटले की ब्लॉकमध्ये ड्रिल करावे लागते. एक दिवस आधी भेदक तेल, मग थोडी उष्णता, मग नट सोडण्याआधी किंचित आवळून पाहायचा. आवळताना गंजाचा थर तुटतो, तो तुटला की सुटायला मदत होते. एल्बो निघाल्यावर आत बोट घातले तर चौथ्या सिलिंडरच्या बाजूला बोट पहिल्या पेऱ्यापर्यंतच गेले.

वाकवलेली तार, जुन्या हॅकसॉचे पाते आणि ओले ओढणारा व्हॅक्यूम. हे काम तासभर चालते आणि कंटाळवाणे असते. निघालेला गाळ वाळवल्यावर चहाच्या कपात मावेना. त्यात दोन गोष्टी होत्या: तांबडी गंजाची माती आणि पांढरट चिपा, किटलीच्या तळाशी बसतात तशा. चिपा पाहून गाडीच्या पूर्वायुष्याचा अंदाज आला. शेजारच्या बर्मिंगहॅमच्या नळाला १९०४ पासून वेल्समधल्या एलान खोऱ्याचे पाणी येते आणि ते मऊ असते. त्याने असा चुना बसत नाही. ही गाडी आधी कुठेतरी दक्षिणेकडे, चुनखडीच्या जड पाण्यावर राहिली असणार.

म्हणून गंजासाठी तार आणि चुन्यासाठी आम्ल अशी दोन्ही कामे लागली. बाजूच्या तोंडावर रबराची गादी आणि पत्र्याची पट्टी बसवून ते बंद केले. बोअर आणि व्हॉल्व्हवर भरपूर ग्रीस, वर चिंध्या. जॅकेटमध्ये सायट्रिक ॲसिडचे द्रावण, लिटरला ४० ग्रॅम, ५० अंशांच्या आसपास गरम, ब्लॉकच्या माथ्यापासून एक सेंटिमीटर खाली राहील इतके. पाऊण तास ठेवून काढले, पुन्हा ताजे भरले. फेस येणे थांबले की चुना संपला. नंतर पाण्याने धुणे, मग खाण्याच्या सोड्याचे पाणी, लिटरला १० ग्रॅम, पुन्हा धुणे. ॲल्युमिनियमचे एल्बो या सगळ्यातून बाहेर ठेवले. कॉस्टिक सोडा कुणी सुचवला तर ऐकू नये. तो ॲल्युमिनियम खातो. धुतलेले उघडे लोखंड तासाभरात तांबूस होते, म्हणून गॅस्केट आणि हेडची तयारी आधीच करून ठेवायची.

नवीन गॅस्केट बसवण्याआधी एकदा ब्लॉकवर आणि एकदा हेडवर ठेवून पाण्याची छिद्रे जुळतात का ते पाहिले. मागची छिद्रे झाकली गेली तर एवढी सफाई फुकट. हेडच्या पृष्ठभागावर सरळ पट्टी आणि फीलर गेज: ०.१ मिमीचे पान कुठेही शिरले नाही. नट मधून बाहेरच्या दिशेने, तीन टप्प्यांत, छोट्या पान्याने. इंजिन एकदा पूर्ण तापवून, पूर्ण थंड करून पुन्हा आवळले.

रेडिएटर आणि ती पूड

रेडिएटर उतरवून खालचे तोंड हाताने बंद केले, वरपर्यंत भरले आणि हात सोडला. धबधबा यायला हवा होता, धार आली. या गाडीत मूळचा कोअर राहिलेला नव्हता. कधीतरी नळ्यांचा नवा कोअर टाकलेला, आणि या प्रकरणात ते पथ्यावर पडले. रेडिएटरवाल्याकडे खालच्या टाकीचे डाग (झाळलेले जोड) सोडवून नळ्यांतून पातळ पट्टी फिरवता आली. मधमाशीच्या पोळ्यासारखा कोअर असता तर हे शक्य नव्हते, उलट्या दिशेने पाणी सोडून जेवढे निघेल तेवढेच. सुमारे तिसरा हिस्सा नळ्या चोक होत्या, त्यांतल्या बऱ्याच तळाशी राखाडी, चिवट लगद्याने. तीच गळती बंद करणारी पूड. ती अरुंद जागा शोधून तिथे घट्ट होते, आणि गळतीचे भोक व नळीचे तोंड यांत तिला फरक कळत नाही. मूळ गळती टाकीच्या एका डागाची निघाली, दहा मिनिटांच्या झाळकामाची.

दाबाच्या झाकणाची कल्पना इथेच बाद झाली. या टाक्या उघड्या व्यवस्थेसाठी झाळलेल्या असतात. दाब दिला की डाग सुटतात. इलेक्ट्रिक पंपाला आक्षेप दुसरा. तो चालतो, नाही असे नाही, पण गाळाने भरलेल्या ब्लॉकमध्ये तो पाणी फिरत असलेल्या पुढच्या भागातच आणखी फिरवतो, चौथे सिलिंडर तसेच भाजत राहते आणि वरचा आकडा मात्र छान दिसतो. दुखणे झाकले जाते.

चौथी चाचणी: वर ८४, खाली ६१. फरक २३.

तिसऱ्या आणि चौथ्या चाचणीत इंजिनाची उष्णता जवळपास तीच धरली, तर वर-खालचा फरक निम्मा झाला म्हणजे वाहणारे पाणी दुप्पट झाले. आणि ढकलणारा जोर? ९३-४७ ला साडेसहा मिलिमीटर होता, ८४-६१ ला सव्वातीनच्या आसपास. निम्म्या जोरात दुप्पट पाणी, एवढी वाट मोकळी झाली.

भरताना

शेवटी भरलेले मिश्रण चौथा हिस्सा अँटीफ्रीझ आणि तीन हिस्से पाणी. हे उणे १२ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही, आणि त्या भागात गॅरेजमधल्या गाडीला तेवढे पुरते. अर्धे-अर्धे मिश्रण पाण्यापेक्षा दाट असते आणि लिटरमागे उष्णताही कमी वाहते. पंपाला फरक पडत नाही, थर्मोसायफनला पडतो. नुसते पाणी मात्र ठेवू नये, कारण लोखंड, ॲल्युमिनियम, पितळ आणि कथिल एकाच पाण्यात आले की गंजरोधक लागतोच. जुन्या पद्धतीचे, सिलिकेट असलेले अँटीफ्रीझ घ्यावे आणि दर दोन वर्षांनी बदलावे. रंगावर जाऊ नये, लेबल वाचावे. या मिश्रणावर चढावर वरचे तापमान ८६ आले.

हळूहळू भरायचे, होज दाबून हवा वर काढायची. पातळीची मर्यादा दोन्हीकडून आहे. गळ्यापर्यंत नको, हे वर आले. पण ती वरच्या होजचे टाकीतले तोंड झाकायला हवीच. पाणी त्या तोंडाखाली गेले की वर्तुळ तुटते आणि फिरणे त्या क्षणी बंद पडते. मग रेडिएटर अर्धा भरलेला असला तरी ब्लॉक उकळतो. लांबच्या प्रवासात लिटरभर पाणी कमी झाले आणि गाडी एकदम तापली, अशा तक्रारीत बहुतेक वेळा हेच असते.

उकळलीच तर इंजिन बंद करून अर्धा तास थांबायचे, झाकण त्याआधी उघडायचे नाही. तापलेल्या ब्लॉकमध्ये गार पाणी ओतले की एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट आणि बोअर यांच्या मधल्या पातळ भिंतीत तडा जातो, आणि त्या तड्याला गॅस्केट हा इलाज नाही.

राहिलेले दुखणे

थांबल्यावर इंजिन बंद पडणे हे पाण्याचे प्रकरण नव्हतेच. रूबीत पेट्रोलची टाकी मागे आणि यांत्रिक पंप इंजिनाला लागून असतो. चढानंतर थांबले की ब्लॉकची उष्णता पंपात आणि नळीत चढते, आणि आजचे पेट्रोल त्या काळच्या पेट्रोलपेक्षा लवकर वाफ होते. दोन तक्रारी एकत्र येत असल्यामुळे त्या एकच वाटत होत्या. ब्लॉक थंड राहू लागल्यावर बंद पडणे बरेच कमी झाले, पण गेले नाही. पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून दोन बोटे लांब वळवली आणि पंप व मॅनिफोल्डच्या मध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा लावला. पत्रा दोन्हीकडून मोकळ्या हवेत असावा. पंपाला चिकटवला तर तोच तापून पंप तापवतो.

५०० मैलांनंतर हेडचे नट पुन्हा थंड इंजिनावर तपासले, एका नटाने पाव फेरा घेतला. रेडिएटरच्या तळाच्या नळातून कपभर पाणी काचेच्या बरणीत काढून रात्रभर ठेवले. सकाळी तळाशी तांबूस रेघ होती. ब्लॉकच्या कोपऱ्यांतला उरलेला गाळ अजून सुटतो आहे. पुढच्या सहा महिन्यांत मिश्रण एकदा काढून, धुऊन, नव्याने भरायचे ठरले.